तिळाएवढा तुकडा

सोमवार, ३ मार्च

खरवडलं! माझ्याच हातानं. चुकीच्या बाजूनं!

वेधशाळेतल्या आमच्या कामात एवढी एकच गोष्ट चुकायची नसते. आकाशाचे जुने फोटो, काचेवर काढलेले. आकाश पांढरं, तारे काळे. एका बाजूला फोटोचा थर, दुसरी बाजू नुसती काच. त्या काचेवर आधीच्या लोकांनी शाईनं गोल, बाण काढून ठेवलेत. ते ब्लेडनं खरवडायचे, मग काच स्कॅनरवर. बाजू कळत नसेल तर कोपऱ्यावर तोंडाची वाफ सोडायची. धुरकटली ती काच. नाही धुरकटली तो थर – त्याला हात लावायचा नाही.

दीड वर्षात एकदा चुकले नाही. आज वाफ सोडलीच नाही. डोक्यात आईचं चाललं होतं – "नववीत शाळा सोडलीस, आता जन्मभर काचाच पुसणार का?" – आणि बाणाच्या टोकाशी ब्लेड फिरलं.

तिळाएवढा तुकडा निघाला. ब्लेडवर होता. फुंकर मारली. गेला.

मंगळवार, ४ मार्च

कुणाला कळलं नाही. लाखभर काचा आहेत. एक तीळ कोण शोधतंय?

गुरुवार, ६ मार्च

शोधतायत!!

वरच्या मजल्यावर ताऱ्यांवर संशोधन करणाऱ्या बाई स्वतः खाली आल्या. "चिमणे, ही काचांची पेटी सोमवारी वर आण." तीच पेटी! माझ्या पाचावर धारण बसली.

मग माझ्याच स्टुलावर बसून सांगत राहिल्या. त्या असंच करतात, मी उत्तर देत नाही तरी. तीन वर्षांपूर्वी या काचांवरच्या एका दूरच्या दीर्घिकेत एक तारा फुटला. तारे फुटतातच, पण हा नेहमीच्या शंभरपट उजळ. एवढा उजेड आणला कुठून? बाईंचं म्हणणं, साप कात टाकतो तसे त्यानं आधीच अंगावरचे थर फेकले होते. मग फुटला तेव्हा सगळा माल त्या थरांवर आदळला – त्या धडकेचा हा उजेड. थर फेकताना तो थोडा चमकला असणार. म्हणजे चाळीस वर्षांपूर्वीच्या काचेवर त्या दीर्घिकेच्या डागाशेजारी एक ठिपका हवा.

दारात चष्मेवाले सर उभे. त्यांचं बाईंशी कधी पटत नाही. "कात वगैरे काही नाही हो! आत मेलेला तारा उरलाय. गावाएवढा, भलताच चुंबक, सेकंदाला शेकडो गिरक्या. तोच आतून उजेड पुरवतो. काय रेडिओ, बरोबर ना?" मी बोलत नाही म्हणून मी रेडिओ.

बाई म्हणाल्या, "ठिपका दिसला की या भोवरा घेऊन!"

तिसरंही एक कारण असतं म्हणे. अवाढव्य तारा असा फुटतो की मागे काहीच उरत नाही. राखसुद्धा नाही. मला आत्ता तेच हवंय.

शुक्रवार, ७ मार्च

जेवायच्या सुट्टीत भिंग लावून बघितलं. दीर्घिकेचा डाग आहे. बाईंच्या नकाशात फुली आहे नेमक्या त्या जागी – टक्कल. बाण दीर्घिकेकडे होता, मी टोकाशीच खरवडलं.

होता तिथे ठिपका. खरवडायच्या आधी बघितला होता मी. होताच.

होता तो परत ठेवला तर ते खोटं कसं?

सगळ्यात बारीक पेन घेतला. श्वास धरला. एकदाच टेकवला.

सोमवार, १० मार्च

बाई रडल्या! मला मिठी मारली. "आहे गं! आहे!" सरांनी भिंग लावलं, बराच वेळ बघितलं. म्हणाले, "हरलो. चहा माझ्याकडून."

मी मोरीत जाऊन बोटं घासत राहिले.

मंगळवार, ११ मार्च

होता का?

बुधवार, १२ मार्च

आठवायला बसले की शाईचाच दिसतो. त्याच्या आधीचं काहीच दिसत नाही.

शुक्रवार, १४ मार्च

बाईंचा लेख सोमवारी छापायला जाणार. सर म्हणाले, आता जगभरचे लोक या ठिपक्यावरून पुढची गणितं मांडतील. दुर्बिणी तिकडे वळवतील. कुणी पाच वर्षं घालवेल, कुणी दहा. माझ्या पेनापायी!

दोनदा बाईंच्या खोलीपर्यंत गेले. जीभ टाळ्याला चिकटली. शाळेत धडा वाचायला उभं केलं की व्हायचं तसंच. सगळे हसायचे. इथे कुणी हसत नाही, म्हणून तर ही खोली माझी होती. बाई म्हणाल्या, "काय गं, भूक लागली का?" आणि अर्धा पाव हातात दिला. तो घेऊन परत आले.

आईला म्हटलं, काम सोडू का? "आता हेही?" एवढंच म्हणाली.

रविवार, १६ मार्च

उद्या सांगणार. तोंडातून नाही फुटलं तर लिहून देईन. हाकलू देत.

सोमवार, १७ मार्च

सांगितलं. तोंडानं. अडखळत, पण सगळं – ब्लेड, फुंकर, पेन.

बाई ओरडल्या नाहीत. उठून दार लावलं. परत बसताना खुर्ची चाचपत बसल्या. "अजून कुणाला सांगितलंस?"

नाही म्हटलं.

"आधी होता ना पण तिथे?"

आठवत नाही म्हटलं.

लेख अजून समोर उघडाच होता. माझ्याकडे न बघता त्यांनी तो पाठवला.

"आठवेल," म्हणाल्या.