डुलाची कुंडी

लालबाग, मुंबई
माघ वद्य पंचमी, शके १८१९

तीर्थरूप हरेश्वरदादास धाकट्या तुळसाचा साष्टांग नमस्कार. मी बरी आहे. गाठीचा ताप शहरात पुन्हा आलाय, आमच्या चाळीत अजून नाही. वहिनीनं पाठवलेली सोलं पोचली. पत्र शेजारचे गुणाजी लिहितायत, सांगतेय मी.

तू लिहिलंस, शिमग्याआधी मान खाली घालून गावी ये, नवरा गेलेल्या बाईनं मुंबईत एकटीनं राहू नये. आणि दारातली ती लाल फुलं उपटून टाक, लोक हसतात. दादा, तू तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकतोस. हसू देत लोकांना. त्यांचेच दात दिसतील.

ती फुलं म्हणजे माझगावच्या बंगल्यातला डूल. तिथली मडम त्याला फ्यूशिया म्हणते. वर लाल, आत जांभळं, कानातल्या डुलासारखं खाली लोंबतं. थंड मुलखाचं झाड, ऊन सोसत नाही. ह्यांनी बंगल्यावर माळी असताना त्याची एक काडी आणून फुटक्या मडक्यात लावली. मी ती रांजणाच्या आडोशाला ठेवते, उन्हाळ्यात भोवती ओलं गोणपाट बांधते. पाणी घालायच्या आधी मातीत बोट खुपसून बघते.

हे बोट खुपसायचं मला फार उशिरा कळलं. ते तुला कधी सांगितलं नाही. गुणाजी म्हणतात, हे कशाला लिहायचं? लिहा म्हटलं.

गेल्या श्रावणाच्या आदल्या श्रावणात हे आठ दिवस तापानं पडले होते. मडम बाहेरगावी होती, काम सुटू नये म्हणून बंगल्यावर मी जात होते. व्हरांड्यातल्या डुलांनी माना टाकलेल्या दिसल्या. मला वाटलं, तहानलीत बिचारी. दिवसातून तीन तीनदा पाणी ओतलं. मुळं कुजली, बाराच्या बारा कुंड्या गेल्या. मडमेनं परतल्यावर विचारलं तेव्हा हे म्हणाले, "पाणी मीच घातलं."

त्यांना काढून टाकलं. मग मांडवीला धान्याच्या वखारीत हमाली धरली. तिथे उंदीर मरून पडत होते. कार्तिकात गाठ आली आणि तीन दिवसांत गेले.

तू गावभर सांगत राहिलास, भावजी कामचुकार, म्हणून हाकलले. मी ऐकून घेतलं. मान खाली घातली ती तेव्हा, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

यंदाच्या थंडीत माझं झाड भरून फुललं. काल मी ते डोक्यावर घेऊन माझगावला गेले, बंगल्याच्या पायरीवर ठेवलं आणि सगळ्या नोकरांदेखत मडमेला सांगितलं, "झाडं मी मारली होती. माळ्यानं नाही."

बंगल्यावरच्या कारकुनानं तिला ते इंग्रजीत समजावलं. तिनं वाकून कुंडीतली फुलं न्याहाळली. मग तिनं विचारलं, हे मुंबईच्या उन्हात जगवलं कोणी? मीच, म्हटलं. सोमवारपासून कामावर ये म्हणाली.

कारकुनानं वहीत घालायला नवऱ्याचं नाव विचारलं. उखाण्याखेरीज ते मी कधी तोंडातून काढलं नव्हतं. काल सगळ्यांना ऐकू जाईल असं घेतलं.

तेव्हा मी शिमग्याला येत नाही. मान खाली घालणं ही त्या फुलांची जात आहे दादा, माझी नाही. आता गावात सांगायचंच असेल तर हे सांग. वहिनीला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

अक्षर गुणाजींचं, अंगठा माझा.

तुळसा धोंडू
माळीण, माझगावचा बंगला