मागच्या दोन खोल्या

९ जाने., शुक्र.
आमच्या ह्यांनी जेवताना सांगितलं, मागच्या दोन खोल्या १ फेब्रु.पासून पुढच्या भागातल्या परदेशी भाडेकरू क्लाराच्या मैत्रिणीला आणि तिच्या नवऱ्याला. तेही तिच्यासारखेच, लॅपटॉपवर काम करणारे. शब्द देऊन टाकलाय. "सुषमाला तू सांग. तुझी मैत्रीण."
त्यांची ऋतुजा कडेवर होती तेव्हा सुषमा-दिलीप शिरोड्याहून आले, तेव्हापासून त्या खोल्यांत भाड्याने. ऋतुजा आता दहावीला. मार्चात परीक्षा.

१२ जाने.
सांगितलं नाही. पोदेर पाव घेऊन आला तेव्हा त्यालाच विचारलं, आपल्या केरीत कुठे खोली रिकामी आहे का. म्हणाला, आहेत, पण सगळ्या लॅपटॉपवाल्यांसाठी. पाळण्यातल्या पोराचीसुद्धा चौकशी करतात म्हणे, रडत नाही ना.
रात्री ह्यांच्याशी बोलायचा प्रयत्न. पाळी गावच्या खाणी बंद पडल्या, ट्रक दारात गंजला, शेवटी भंगारात गेला, तेव्हा आपल्याला विचारायला कोण आलं, म्हणाले. गुडघे असे, परत ड्रायव्हरी जमायची नाही. सगळं खरं.

१४ जाने., संक्रांत
हळदीकुंकू. सुषमा सकाळपासून माझ्या स्वयंपाकघरात, लाडू वळायला. वळता वळता म्हणाली, पावसाआधी मागची कौलं परतून घेऊया, दिलीप माणूस आणील.
मी हो म्हटलं. हो म्हटलं मी!

१६ जाने.
आज फुटलं. मी विहिरीवर. क्लारा पुढच्या भागातून कपडे वाळत घालायला आली. सुषमा आणि ऋतुजा तिथेच. क्लारा हसून इंग्रजीत काहीतरी बोलली. सुषमाने नेहमीप्रमाणे पोरीकडे बघितलं, काय म्हणते ती?
ऋतुजा म्हणाली, "आई, ती विचारते, आपण गावी कधी जाणार. कायमचे."
सुषमाने क्लाराकडे नाही, माझ्याकडे बघितलं. भरलेली बादली तिथेच ठेवून आत गेली.
क्लारा लालबुंद. ह्यांनी तिला सांगितलं होतं की ती माणसं आपणहून चाललीत.

१७ जाने.
गेले सुषमाकडे. बस म्हणाली नाही. भांडी पुसत राहिली. मी काय काय बोलले आठवत नाही. ती एवढंच म्हणाली, "घर तुमचा. काढा. पण ह्या माका माझ्या चेडवाच्या तोंडातसून ऐकूक लागला, वसुधा."

२० जाने.
क्लारा बाल्कांवात, दारापुढच्या बाकावर, येऊन बसली. तिच्या शहरात तिची खोली मालकाने अशीच काढून घेतली, पर्यटकांना द्यायला. दुसरी परवडेना. इथे त्याच पगारात समुद्राकाठी राहता येतं, म्हणून आली. आता मैत्रिणीला येऊ नको म्हणून कळवते, मीही जाते, म्हणाली.
मला राग आला. माझ्या मोडक्या इंग्रजीत तो जास्तच कडक निघाला. तू गेलीस तर तुला बरं वाटेल, खोलीत दुसरा कुणी येईल, पोरीचं काय?
"मग मी काय करू?"
म्हटलं, जे मला सांगतेस ते ह्यांना सांग, तोंडावर.
संध्याकाळी तिने सांगितलं. ह्यांनी ऐकून घेतलं, हा आमच्या घरचा प्रश्न आहे म्हणाले, अगदी नम्रपणे. आत आल्यावर मला, परक्या बाईपुढे माझी लाज काढलीस. तेव्हापासून बोलणं बंद.

२५ जाने.
क्लाराची मैत्रीण ऐकत नाही. तिकिटं काढलीत, आल्या आल्या काम सुरू करायचंय. दिलीपला आरोंद्याला खोली दिसलीय, खाडीपलीकडे. तिथून ऋतुजाने रोज शाळा कशी गाठायची?
ह्यांना म्हटलं, परीक्षेपर्यंत आपली झोपायची खोली त्या पाहुण्यांना देऊ, आपण माजघरात झोपू. "स्वतःच्या घरात आम्ही भाडेकरू?" एवढ्या दिवसांनी बोलले ते हे.
सुषमाच्या कानावर गेलं असावं. ऋतुजाबरोबर निरोप आला. आईने सांगितलंय, कुणाचे उपकार नकोत.

१ फेब्रु., रवि.
हे सकाळीच म्हापशाला. काम काही नव्हतं.
दिलीपने सामान बांधलेलं नाही. मीही विचारलं नाही. आमच्या खोलीतले कपडे माजघरात आणले, गादीवर धुतलेली चादर घातली.
दुपारी टॅक्सी आली. दोघं, केवढ्या त्या बॅगा! सरळ मागे निघाले. मी आडवी झाले. म्हटलं, तिथे माणसं राहतात, तुम्ही इकडे या. क्लारा त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलली, बराच वेळ. मैत्रिणीने मागच्या दोरीवरचे शाळेचे कपडे बघितले, मग आमची गादी. तिचा नवरा बूट काढू लागला.
ह्यांचा फोन. खोल्या रिकाम्या झाल्या का? म्हटलं, नाही. पाहुणे आपल्या खोलीत आहेत. म्हणाले, "येतो मी." रागाने की कसं, कळलं नाही.
दिवे लागले तरी आलेले नाहीत. मागे ऋतुजा मोठ्याने पाठ करतेय. सुषमा उंबऱ्यात बसून आहे, माझ्याकडे पाठ करून.