४१७ क्रमांकाचं घर

३ नोव्हेंबर, सोमवार
बालाघाट आवडलं! आई अन् मी गोंदियाहून सामानासकट आलो, तर शेजारच्या शांताबाईंनी लगेच चहा पाठवला. आजपासून ताप-पाहणीच्या कचेरीत नोकरी. एका तक्त्यात माणसं: क्रमांक, नाव, घर. दुसऱ्यात रोजचं तापमान, तिथे फक्त क्रमांक. क्रमांक जुळवून दोन्हींचा एकच अहवाल करायचा, एवढंच काम. चैतरामभाऊ घरोघरी फिरून तापमान घेतात. त्यांनी हौसेने आमचं घरही यादीत घातलं. आई ९८, पौर्णिमा ९८. झाले मी बालाघाटची.

५ नोव्हेंबर
अहवाल जुळेना. तापमानाच्या तक्त्यात ४१७ क्रमांक रोज येतो, माणसांच्या तक्त्यात तो नाहीच. नोंद रोज एकच, ७१. एवढं थंड माणूस असतं? चैतरामभाऊ म्हणाले, मी असं कोनाले मोजलंच नाही. मग हळूच म्हणाले, आधीच्या रीनाताईही हेच विचारत होत्या. त्या कुठे गेल्या, विचारलं. त्यांना रीनाताईंचा चेहराही आठवेना.

७ नोव्हेंबर
कचेरीप्रमुख चंद्रशेखर सरांना अहवाल आजच हवा होता. शेवटी माणसांच्या तक्त्यात ४१७ची ओळ घातली. नाव रिकामं चाललं, पण घराचा क्रमांक दिल्याशिवाय ओळ जतन होईना. तात्पुरता आमचाच दिला. सगळं जुळलं. सर खूश.

१० नोव्हेंबर
दुपारी जेवायला घरी गेले. आईने तीन ताटं वाढलेली. तिसरं कोणाचं, तिला सांगता येईना, कावरीबावरी झाली. त्या ताटातला भात चिवडलेला होता.
४१७ आज ७७. मी ९२. चैतरामभाऊंनी यंत्र माझ्या कपाळाला दोनदा लावून पाहिलं.

११ नोव्हेंबर
ती, ४१७, आज ८५. मी ८४. दोघींची बेरीज तीच, १६९. मी निवते तेवढी ती तापते.
ओळ खोडता येत नाही, तापमानं जोडलेली आहेत. घर तेवढं बदलता येतं. पण कोणाचं तरी द्यावंच लागतं. चैतरामभाऊंच्या घराचा क्रमांक टाकला. त्यांची मुलगी खुशी पाच वर्षांची — मिटवला, पुन्हा आमचाच दिला.

१२ नोव्हेंबर
मी ७३. बोटं वळत नाहीत.
चैतरामभाऊंनी अदबीने विचारलं, कोनाले भेटाचं हाय तुमाले?
४१७ समोर नाव आलंय. पौर्णिमा. माझी स्वतःची ओळ यादीत कुठेच नाही —

दुपार
आईने दारातच अडवलं. "कोनाची व्हय वं तू? माही पौर्णिमा त आत जेवून राह्यली."
आई, मीच, म्हटलं. घाबरून तिने कडी लावली.
ओट्यावर बसलेय. उन्हात. ऊन लागत नाही.
आत कोणी विचारतंय, बाहेर कोन हाय. आई म्हणते, कोनीच नाही वं, तू जेव —
कडी निघतेय. आई नाही, ती —