ड्रायव्हरच्या पाठीमागची काच

आण्णा, तुमच्या नातीच्या गाडीची काच फुटली. हे तुम्हाला सोडून कुणाला सांगू तेच कळत नाही, कारण घरात सगळ्यांना वाटतं की काच फुटली, काच बसवली, विषय संपला. तुम्ही ही नात बघितली नाहीत. तुम्ही गेलात तेव्हा माझं लग्नसुद्धा ठरलं नव्हतं. उंच आहे, तुमच्यासारखीच थोडी पुढं वाकून चालते, आणि एकदा बोलायला लागली की समोरच्याचं ऐकून घेत नाही, ते मात्र माझ्यावर गेलंय. गाडी मालाची आहे, बंद व्हॅन. आधी हे चालवायचे. यांची साखर वाढली, पायाची जखम भरेना, तेव्हा गाडी बरेच दिवस दारात नुसती धूळ खात उभी होती. एका सकाळी पोरगीच किल्ली घेऊन निघाली. मला वाटलं, चार दिवसांची हौस, फिटली की बसेल गप्प. कसली फिटतेय! आता बेकरीचा माल भरून ती रोज उजनीच्या पाण्याकाठच्या गावांना जाते. खारी, टोस्ट, नानकटाई. तिकडच्या दुकानदारांना दम देते म्हणे, ‘काका, शिळी खारी परत द्या, पोरांच्या गळ्यात घालू नका.’ आणि ते मुकाट्यानं देतात.

त्या दिवशी ती भरदुपारीच परत आली. मी दारात ज्वारी पाखडत बसले होते. गाडी गल्लीत शिरली तेव्हा आवाज नेहमीचाच होता, पण ड्रायव्हरच्या पाठीमागं, बाजूला जी काच आहे, तिथं नुसतं भगदाड. ती उतरली, ओढणी झटकली, आणि फरशीवर खडीसाखर सांडावी तसा आवाज झाला. केसांत काच, गळ्यात काच, मानेवर रक्ताचे बारीक बारीक ठिपके. “काय न्हाय झालं आई,” ती म्हणाली, “गोफणीचा दगड हाय. मोहोळच्या पुढं ज्वारीत पाखरं हाकत हुते, सुटला असंल कुणाचा तर.” आणि तो दगड तिनं माझ्या हातात दिला. लिंबाएवढा, गुळगुळीत. आण्णा, ती काच तिच्या डोक्यापासून एक वीत मागं आहे. एक वीत! मी दगड खाली ठेवला, तिच्या मानेकडं बघितलं, आणि तिच्या थोबाडीत दिली. मलाच कळलं नाही माझा हात कधी उठला. ती रडली नाही. गाल चोळत म्हणाली, “मारून झालं असंल तर चहा टाक.” मग ती माल उतरवायला गेली. खारीच्या सगळ्या उघड्या ट्रेमध्ये काच गेली होती, तो सगळा माल तिनं स्वतः पोत्यात भरून फेकून दिला, गायीला पण घालू दिला नाही.

मी चहा टाकला आणि गॅसपुढं उभ्या उभ्या मला सात रस्त्याचं तुमचं दुकान आठवलं. दुकान कसलं, पत्र्याची टपरी. भिंतीला टेकवून उभ्या केलेल्या काचा, खिळ्यांना अडकवलेली रबराची वेटोळी, आणि उन्हाळ्यात त्या रबराचा असा वास की डोकं धरायचं. आई विड्या वळायला जायची, म्हणून शाळा सुटली की मी तुमच्याकडं. काच बसवताना तुम्ही मला गाडीच्या आत बसवायचात. काचेभोवती रबर चढवायचं, रबराच्या खाचेत सगळीकडून सुती दोरी घालायची, साबणाचं पाणी लावायचं, आणि काच बाहेरून चौकटीला टेकवायची. बाहेर तुम्ही, दोन्ही तळहात काचेवर. आत मी, दोरीचं टोक धरून. दोरी जशी ओढत जाईल तशी रबराची कड पत्र्यावर चढून आत येते. “ओढ. हळू. थांब. आता ओढ की गं, काय बघतीस माझ्या तोंडाकडं!” दोरी तुम्ही शेजारच्या यंत्रमागाच्या कारखान्यातून आणायचात आणि वापरून झाली की धुऊन वाळत घालायचात, आईच्या साडीशेजारी. आई चिडायची.

आणि तो बसच्या काचेचा दिवस. जुनी बस होती, काच जुन्या पद्धतीची, फुटली की सुऱ्यांसारखे तुकडे होणारी. मी दोरी ओढतेय, तुम्ही दाबताय, आणि कड्‌कन आवाज होतो. तुम्ही ओरडता, “डोळे मीट!” मी डोळे मिटते. अंगावर, मांडीवर, काच पडत राहते. सगळं थांबल्यावरसुद्धा मी डोळे उघडत नाही, कारण तुम्ही उघड म्हणाला नाहीत. तुम्ही आत येता, माझं तोंड दोन्ही हातांत धरता, तुमच्या तळहाताचं रक्त माझ्या गालाला लागतं, ओलं आणि गरम. माझ्या पापण्या अंगठ्यानं वर करून तुम्ही एक डोळा बघता, मग दुसरा बघता. दोन्ही शाबूत आहेत म्हटल्यावर तुम्ही मला एक सणसणीत ठेवून दिलीत. “दोरी कुणी सोडली?” अहो, दोरी माझ्या मुठीतच होती की! मूठ उघडून दाखवली तरी तुम्ही बघितलं नाही, तोंड फिरवून बाहेर गेलात. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर रस्त्यावरच्या गाड्यावरून घेतलेला हिरवा गॉगल टपरीत माझ्यासाठी ठेवलेला. “घाल,” एवढंच म्हणालात. तो घालून मी आत बसले की समोरचा पानवाला हसायचा, “आली बघा मडम.” त्या माराचा राग मात्र मी कितीतरी वर्षं धरून होते, कारण चूक माझी नव्हती. आता पोरीच्या गालावर माझ्या बोटांचे वळ बघितले आणि कळलं की तुम्ही त्या दिवशी माझ्यावर चिडला नव्हता. तुम्ही भ्याला होता.

तर आता माझी भीती ऐका. दुसऱ्या दिवशी मीच म्हणाले, काचेचं मी बघते, माझ्या बापाचा धंदा आहे तो. सगळ्यांना बरं वाटलं. तुमच्या जागेवर आता तुमच्याच हाताखाली शिकलेला तो कारागीर बसतो. त्याची दाढी पांढरी झालीय, मला अजून आपा म्हणतो. त्याच्याकडं काच होती, आतच ठेवलेली. मी म्हटलं, “भाऊ, राहू दे. पोरीनं विचारलं तर सांग, या गाडीची काच मिळत न्हाय, पुण्यास्नं यायचीय.” तो म्हणाला, “आपा, कांच तो अंदरीच रखी है.” “असू दे की,” मी म्हटलं आणि रिक्षा पकडून घरी आले. घरी सांगितलं, वेळ लागेल. भगदाडाला प्लास्टिक लावून वरून खाकी पट्टी चिकटवली, तीही माझ्याच हातानं, आणि खरं सांगते, त्या दिवशी मी पोटभर जेवले. बेकरीवाल्याचा फोन यायला लागला. मग त्यानं तिच्या लाईनवर दुसऱ्याची गाडी पाठवायला सुरुवात केली. हे म्हणाले, “विकून टाकू, कशाला ताप.” मी वरवर गप्प, आतून म्हणत होते, विका, आजच विका. पोरगी गाडीभोवती चकरा मारायची, टायर बघायची, काच कधी येतेय म्हणून विचारायची, आणि मी भाकरी थापता थापता बेधडक सांगायचे, येईल, येईल.

तुम्ही म्हणाल, गोफणीचा दगड आहे म्हणतेय तर सोड ना. कसं सोडू? त्या शेतात जाऊन तिनंच विचारलं होतं, कुणी कबूल झालं नाही. पाखरांवरचा असेल. नसेलही. एकटी पोरगी गाडी हाकते हे कुणाच्या डोळ्यांत खुपलं असेल, रस्त्यात साईड दिली नाही म्हणून कुणाचं डोकं फिरलं असेल. आता घरात भांडं पडलं तरी माझा हात मानेवर जातो, आणि मला दिसते ती तिची मान. रस्त्यानं चालताना मी लोकांच्या हातांकडं बघते, हातात काय आहे म्हणून. वेड लागेल अशानं, मला कळतं. पण कळून भीती जात असती तर काय हवं होतं!

मग ती स्वतःच दुकानात गेली. म्हाताऱ्याला खोटं बोलता येत नाही, तुमचा चेला ना. “कांच तो कबकीच आको पडी है, बेटी. अम्माकू पूछ.” ती रिक्षातून आली, मांडीवर चादरीत गुंडाळलेली काच, गळ्यात रबराचं वेटोळं. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. तिनं काच हळूच भिंतीला टेकवली आणि म्हणाली, “चाचा येतो म्हणत हुता. मी म्हणलं नको, माझी आई बसवती. चल, बस आत.”

“मी न्हाय बसवणार.”

“मग मी एकटी बसवते. फुटली तर फुटली.”

“अगं, कुणी मुद्दाम मारला असंल तर?”

“असंल. मग काय करू? खाकी पट्टी लावून घरात बसू?”

“आणि परत आला तर? पाखरावरचा असू दे न्हायतर तुझ्यावरचा, डोकं तर एकच हाय की तुला!”

ती हसली. हसण्यासारखं काय होतं त्यात? “आई, मला पण भ्या वाटतंय,” ती म्हणाली, “गाडी दारात हाय तरी रोज मनातल्या मनात तितनं जाते मी, आणि मान आत घेऊन बसते. पर तू अशी भ्यालीस की मला जास्त वाटतंय. दोरी धर.”

मी आत बसले. इतक्या वर्षांनी पण हाताला सगळं आठवत होतं, खाच, साबण, दोरीचं टोक कुठून सुरू करायचं ते. तिनं काच बाहेरून लावली आणि दोन्ही तळहात तिच्यावर ठेवले. खालची कड आली, बाजूची आली. वरच्या कोपऱ्यापाशी मी थांबले. आण्णा, तिथं झटका दिला की काच जाते. कोपऱ्यात, वाकडी ओढली की गेलीच. हे तुम्हीच शिकवलंय मला, करू नये म्हणून. काच गेली असती तर परत पुण्याची काच, परत पट्टी, तोवर बेकरीवाला कायमचा दुसरीकडं गेला असता, आणि माझी पोरगी माझ्या डोळ्यांपुढं राहिली असती. माझ्या मुठीत दोरी होती आणि मनात हेच होतं. पलीकडून ती म्हणाली, “ओढ की गं.” मी वर बघितलं तर काचेवर तिचे तळहात, पसरलेले, रेघा न् रेघा दिसत होत्या. काच गेली असती तर त्या हातांत गेली असती. मग मी इतकी हळू ओढली, इतकी सरळ ओढली, की तुम्हीही कधी तशी ओढून घेतली नसेल माझ्याकडनं. कड आत आली. तिनं बाहेरून थापटलं, एकदम पक्की बसली होती. मी आत तशीच बसून रडले, आणि तिला दिसू नये म्हणून साबणाचं पाणी तोंडाला लावून घेतलं. डोळे झोंबले ते झोंबलेच.

इथवर काल लिहिलं होतं. आज गाडीत बसून लिहितेय, तिच्या बिलाच्या कागदांच्या पाठीवर. मी म्हटलं, मला पाणी बघायचंय, कधी बघितलंच नाही उजनीचं. ती म्हणाली, चल. मोहोळच्या पुढं ती ज्वारी आली. तिनं बोट करून दाखवलं. पाखरं हाकायच्या माळ्यावर आज कुणीच नव्हतं, पाखरं निवांत कणसांवर बसलेली, आणि मला त्याचीच जास्त धडकी भरली, की हाकणारा गेला कुठं? ते शेत मागं पडेपर्यंत मी त्याच्यावरची नजर काढली नाही. आता आम्ही पाण्याकाठी आहोत. केळीच्या बागा, काठानं मोटारींचे पाईप पाण्यात सोडलेले, मोटारींचा एकसारखा आवाज. ती समोरच्या दुकानात ट्रे मोजून देतेय. दुकानदारानं विचारलं, “आज संगं कोण?” ती म्हणाली, “आई हाय. लई दिवसांनी भाईर पडलीय.” त्यानं मला लांबून हात जोडले, मीही जोडले.

हे तुम्हाला पोचायचं नाही, मला कळतं. तुम्ही असतात तरी कागद हातात धरला नसतात, म्हणाला असतात, वाचून दाखव. वाचून दाखवताना मी शेवटचं गाळलं असतं, म्हणून ते लिहूनच ठेवते. पुढची सीट रिकामी आहे. मी सकाळपासून मागं बसलेय, खारीच्या ट्रेमध्ये, पालथ्या क्रेटवर, तिच्या सीटला चिकटून, नव्या काचेला डोकं लावून. त्या बाजूनं काही आलंच तर आधी मला लागेल. तिला सांगितलं, पुढं बसलं की मला गाडी लागते. “जगाला मागं बसून गाडी लागती आणि हिला पुढं!” असं म्हणून तिनं आरशातून माझ्याकडं बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि मग गाडी चालू केली. मला गाडी लागत नाही, आण्णा. कुठंही बसवा, मला गाडी कधीच लागत नाही.