माझ्यासाठीचं मशीन

३ डिसेंबर २०२४, मंगळवार

आमच्या गुजराती डॉक्टरबेनने आज असं काही विचारलं की मी खुर्चीतच आखडले!

गेले होते दुसऱ्याच कामाला. पाळी सहा महिने कधी येते, कधी नाही. अंगातून वाफा निघतात. खाली कोरडं पडलंय, आग होते. सेहेचाळीस वय, होणारच म्हणाली. मलम लिहून दिलं. आणि लिहिता लिहिता, मान वर न करता — "तमारा मिस्टर गया पछी जातने हाथ लगाडो छो क्यारेय?"

स्वतःला हात लावता का कधी! मला वाटलं मीच चुकीचं ऐकलं. तिने परत विचारलं. मी मान हलवली, नाही. मग म्हणाली, मिस्टर होते तेव्हा तरी? शेवटपर्यंत पोचायचात?

मी म्हटलं, कुठे पोचायचं?

हसली नाही. ते फार बरं वाटलं. केसपेपरच्या मागे पेन्सिलने चित्र काढलं. हे मूत्राचं, हे बाळाचं, आणि वर हा एक दाणा. "एनुं बीजुं कोई काम ज नथी, बेन. फक्त आनंद." दुसरं कामच नाही म्हणे त्याला.

बावीस वर्षं संसार केला. एक मुलगी, तीही लग्न होऊन नाशिकला गेली. सहा वर्षं झाली सुकदेवला जाऊन. आणि माझ्या अंगाची ही गोष्ट मला आज कळते! चित्र घडी करून मापांच्या वहीत ठेवलंय.

५ डिसेंबर, गुरुवार

लगनसरा जोरात. एकवीस ब्लाउज बाकी. चित्र बघायला वेळ नाही.
बघितलं मात्र.

९ डिसेंबर, सोमवार

डॉक्टरबेनने निघताना अजून एक सांगितलं होतं. ते इथे लिहायलाही सहा दिवस लागले.

हाताने जमत नसेल, संकोच वाटत असेल तर आता मशीन मिळतं म्हणे. आत घालायचं नाही. दाण्यावर नुसतं टेकवायचं. त्याला बारीकसं तोंड असतं, ते हवेचे ठोके देतं — चोखल्यासारखं, ओढल्यासारखं. तुमच्या वयात रक्त फिरतं राहिलेलं चांगलंच, म्हणाली. "एमां शरम शानी?"

शरम कशाची ते मलाही नीट सांगता आलं नसतं. पण होती. रिक्षात बसले तर वाटलं, रिक्षावाल्यालाही कळलंय.

१२ डिसेंबर, गुरुवार

दुपारी दुकान बंद करून मोबाइलवर शोधलं. आत्याबाई, माझ्या सासूबाई, तीन ते पाच मंदिरात भजनाला असतात. सून मोकळी राहते ती तेवढेच दोन तास.

बापरे! किती प्रकार! गुलाबाचं फूल काय, पेंग्विन काय, लिपस्टिक काय. एक तर हुबेहूब लसूण!

आधी हसले. मग लक्षात आलं, अगं, मशीन तर मशीन. मला मशीन कळतं. पहिलं पायाचं, मग मोटरचं, मग पिकोचं, सगळी माझी मी निवडून आणलेली. दिंडोलीत बाया मशीन घ्यायच्या आधी मला विचारायला येतात. मग याला काय भ्यायचं?

काय बघायचं ते ठरवलं. आवाज किती — भिंतीपलीकडे आत्याबाई. सगळ्यात हळू चाल किती हळू. रबर कसलं — डॉक्टरबेन म्हणाली होती मेडिकलचं सिलिकॉनच घ्या. आणि सांधे किती. जिथे सांधा, तिथे मळ. हे मला कुणी शिकवायला नको.

गुलाब बाद. दिसायला सुंदर, सगळ्या तोच घेतात, पण पाकळ्यापाकळ्यांत खाचा. धुणार कसं?

१८ डिसेंबर, बुधवार

कमुरतां बसली. आता संक्रांतीपर्यंत लग्नं नाहीत, कामाला उसंत.

आणि आज पकडले गेले! मोबाइल कटिंगच्या टेबलावर उघडाच राहिला, आणि पल्लवी हुक लावता लावता वाकली. पल्लवी माझ्याकडे हुक, काज, तुरपाई बघते. यवतमाळकडची. नवरा हजीऱ्याला कंपनीच्या खोलीत राहतो, पंधरा दिवसांनी घरी येतो. एकतीस वर्षांची, तोंडाला कुलूप म्हणून नाही.

"ताई, हे काय पाहून राहिल्या तुम्ही?"

माझ्या कानशिलांतून धूर! म्हटलं, मानेचं मसाजर गं.

ती बघत राहिली. मग कैची खाली ठेवून म्हणाली, "मानेचं नाही हाय ते ताई. माझ्याकडे हाय ना, दोन वर्षं झाले."

मला खरंच वाटेना. विचारलं, नवऱ्याला माहीत आहे? "त्यानंच आणून देल्लं! तो म्हणे मी पंधरा दिवस नसतो, तू चिडचिड करत राहतेस."

मग काय, दार लोटून घेतलं. चहा केला. तासभर मी विचारलं, तिने सांगितलं. ती कुलूप नसलेली बाई इतक्या हळू आवाजात बोलताना मी पहिल्यांदाच पाहिली. तिचं म्हणणं — तोंड फार लहान घेऊ नका, मोठं घ्या, नाहीतर बसत नाही, नुसतं घसरत राहतं. आणि आधी थोडं जेल लावा, पाण्याचं, तेल नाही, तेलाने रबर खराब होतं. आणि सुरुवातीला खालच्याच नंबरावर. "मी पहिल्या दिवशी डायरेक्ट पाचवर केलं. पंख्याले लटकली असती ताई!"

इतक्या दिवसांनी पोट दुखेपर्यंत हसले.

२४ डिसेंबर, मंगळवार

दोन उरलीत. एक लांब, दोन्ही टोकांनी चालणारं. एक तळहातात मावेल असं, काळं-जांभळं, दोन टोप्यांचं, लहान तोंड आणि मोठं तोंड बदलता येतं.

तोंडाची मापं दिली आहेत मिलिमीटरमध्ये. नुसत्या आकड्याने मला कधीच काही कळत नाही. म्हणून ब्लाउजच्या खाक्याच्या कागदावर दोन गोल आखून कापले. आत्याबाई भजनाला गेल्यावर कडी लावली, आरसा घेतला आणि खिडकीच्या उजेडात बसले.

अख्ख्या नवागाम-दिंडोलीच्या बायांची छाती-कंबर मला पाठ आहे. आणि इथे आरशात पहिल्यांदा पाहत होते! वाटलं होतं किळस येईल. नाही आली. कानाच्या पाळीसारखं साधं काहीतरी. सापडला दाणा — पदरात झाकल्यासारखा.

पल्लवीचं बरोबर. मोठं तोंड. लहानसंच घ्यायचं, दोन टोप्यांचं.

कागदाचे गोल कुणाला दिसायला नकोत. गॅसवर जाळले.

३१ डिसेंबर, मंगळवार

मागवलं! बटण दाबलं आणि मोबाइल उलटा करून ठेवला. पत्ता दुकानाचा दिलाय. खोक्यावर काही छापत नाही, असं लिहिलंय त्यांनी. बिलावर 'पर्सनल मसाजर'.

४ जानेवारी २०२५, शनिवार

आलं. आणि घेतलं कुणी? आत्याबाईंनी!

मी आत एका बाईचं माप घेत होते. त्या ओट्यावर पाय पसरून बसलेल्या. आतून ऐकलं, कुरियरच्या पोराला म्हणत होत्या, "ये पोर, दे इकडे." बाहेर आले तर खोकं त्यांच्या मांडीवर. हलवून बघतायत!

"बॉबिन उनात का व?"

म्हटलं, हो, बॉबिनच आलेत. हातातली टेप गळून पडली होती, ती उचलायच्या निमित्ताने खाली वाकले ते बराच वेळ वर आलेच नाही.

६ जानेवारी, सोमवार

चार्ज केलं. हातावर लावून पाहिलं. आवाज अगदी कमी, माझ्या पिकोच्या मशीनचा दहावा हिस्साही नाही. तळहातावर धरलं तर नुसतं फुरफुरतं. एवढुसं!

पुढे धीर होत नाही. सुकदेव आठवतो. माणूस वाईट नव्हता. कधी हात उगारला नाही, दारूला शिवला नाही. डाइंग मिलमधून रंगलेल्या हातांनी यायचा, आंघोळ करायचा, जेवायचा. रात्री घाईत असायचा, आणि झाल्यावर विचारायचा, "बरी आहेस ना?" मी म्हणायची, हो. खरंच बरी असायची. त्यापेक्षा जास्त काही असतं, हे ना त्याच्या मनात, ना माझ्या.

मग हे घेऊन मी त्याचं काही हिरावते का? मला नाही वाटत. पण कपाटात ठेवलं साड्यांखाली.

१४ जानेवारी, मंगळवार

उत्तराण. म्हणजे आपली संक्रांत. सगळी गल्ली गच्चीवर. भोंगे फुल आवाजात, दर मिनिटाला "काय पो छे!" आत्याबाईंनाही दोन माणसांनी धरून वर नेलं, चिक्की खात बसल्यात. म्हटलं, आजच्यासारखी संधी नाही.

कडी लावली. जेल लावलं. टेकवलं. आणि बटण दोनदा दाबलं गेलं की काय कोण जाणे — असा झटका! मी ओरडलेच. त्याच वेळी वर कुणाचा तरी पतंग कापला, म्हणून वाचले.

हसत हसत ठेवून दिलं. वर जाऊन उंधियू खाल्लं.

१५ जानेवारी, बुधवार

वासी उत्तराण, सणाचा दुसरा दिवस. परत सगळे वर.

या वेळी घाई केली नाही. एक नंबर. नुसतं टेकवून डोळे मिटून पडले. काही होईना. मनात आलं, माझ्यातच नसेल. काही बायांच्यात नसेल ते. दुधाचं पातेलं झाकलंय का, तो हिरव्या ब्लाउजचा गळा जास्त खोल झालाय का, हेच डोक्यात. मग दोन नंबर केला, किंचित वर सरकवलं, आणि डोकं गप्प झालं.

काय लिहू? उमाळ्यासारखं खालून वर आलं, पायांच्या बोटांपर्यंत गेलं, आणि मी माझंच मनगट चावलं. पाच मिनिटंही झाली नसतील.

मग रडले. दुःखाचं नव्हतं. खूप वेळ बांधलेली गाठ सुटली की कापड कसं आपोआप पसरतं, तसं.

पोचले, डॉक्टरबेन.

पाच वाजेपर्यंत गाढ झोपले. किती महिन्यांनी!

२० जानेवारी, सोमवार

पल्लवीने काज करता करता वर न बघता विचारलं, "जमलं?"
म्हटलं, जमलं.
"तरीच म्हटलं मी, गिऱ्हाइकावर खेकसणं कसं बंद झालं!"

खरं आहे. लगनसरा परत सुरू झाला, बाया उद्यावर आलेलं लग्न घेऊन आज येतात, आणि मला राग येत नाही. वाफा अजून येतात. पण अंग परकं वाटत नाही. आरशात ब्लाउजचा खांदा बघताना आज स्वतःकडेही बघितलं. बरी दिसते मी.

२७ जानेवारी, सोमवार

घात झाला.

धुऊन खिडकीत वाळत ठेवलं होतं रुमालावर. भजन आज लवकर सुटलं. मी मोरीत, आणि आत्याबाई ते हातात घेऊन उभ्या!

"हाई काय शे?"

तोंडावर उत्तर तयार होतं — मसाजर. बिलावरही तेच आहे. म्हटलं तेच.

तर त्या खाटेवर बसल्या, लुगडं वर घेतलं आणि म्हणाल्या, "मंग माना गुडघाले लाई दे. भलता दुखस."

आता काय करू! लावलं असतं तरी चाललं असतं. पण ते जिथलं आहे तिथलं, त्यांच्या गुडघ्यावर, आणि त्या मला दुवा देणार — नाही जमलं माझ्याच्यानं. अठ्ठावीस वर्षं एका ताटातलं खाल्लंय आम्ही. शेजारी बसले आणि सगळं सांगितलं. डॉक्टरबेन, चित्र, उत्तराण. कुठे बघून सांगत होते आठवत नाही.

त्यांनी ते रुमालावर परत ठेवलं. हात धुतले. बोलल्या नाहीत.

२९ जानेवारी, बुधवार

अजून बोलत नाहीत. जेवतात, ताट धुतात, भिंतीकडे तोंड करून पडतात. मी माफी मागितलेली नाही. मागावी वाटत नाही, याचंच जास्त आश्चर्य.

३१ जानेवारी, शुक्रवार

सकाळी पिशवी भरली. "मी सखारामकडे जास." सखारामभाऊ त्यांचा धाकटा मुलगा, नवागामला राहतो. किती दिवस ते सांगितलं नाही. रिक्षात बसवून दिलं, गुडघ्याचं तेल पिशवीत घातलं.

घर मोकळं, दुपार मोकळी. कपाट उघडलंसुद्धा नाही. नुसतं शिवत बसले. सखारामभाऊच्या बायकोला सांगितलं असेल का? अख्खं नवागाम माझं गिऱ्हाईक आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

दुपारी त्या परत आल्या. कुणाला काही सांगितलेलं नाही. पाणी दिलं, ते प्यायल्या, आणि ग्लास हातातच धरून म्हणाल्या, "मी एकोणतीस वरीसनी व्हतू व माय, तुना सासरा गया तव्हय. चव्वेचाळीस वरीस व्हई गयात."

मी त्यांच्या शेजारी बसले.

मग त्या, कपाटाच्या दाराकडे बघत, हळूच —
"ते दुखस का व?"