साहेबांना माझा आवाज हवाय

बडोदा, शुक्रवार

ती. आईस,
सदानंदचा दुरूनच वाकून नमस्कार. हेड ऑफिसच्या जेवणात मासळी नाही, बाकी मी ठीक आहे.

आनंदाची बातमी म्हणजे कंपनी मला मॅनेजर करतेय. तारापूरच्या कारखान्यातलं आमचं अर्धं खातं बंद होणार आणि कामावरून कोण जाणार, हे मीच लोकांना सांगायचं. "सदानंदभाई, तुमचं ऐकतात सगळे," साहेब हसत म्हणाले. नकार दिला, तर जाणाऱ्यांत मीही.

माणसं म्हणजे भंगार नव्हे, असं गेटवरच्या युनियनच्या सभेत मीच गर्जत होतो. इथे मात्र "विचार करतो" एवढंच बोललो.

तुझा गुडघा कसा आहे? चिंचणीच्या बाजारात तुझ्या मासळीच्या टोपलीशेजारी आमच्या खात्यातल्या जिग्नेशची आईच बसते ना? जिग्नेशही जाणार आहे. तिच्याशी जागेवरून रोजच्यासारखीच भांड. एकदम गोड बोललीस, तर तिला कळेल.

तुझा,
सदानंद