अर्ध्या गोळीची कबुली

मी खाली सही करणार, वय एकोणपन्नास, आरोग्य केंद्रातला मदतनीस, लिहून ठेवतो की माझी बुद्धी ठिकाणावर आहे आणि माझ्यावर कोणाचा दबाव नाही. भीती मात्र आहे. माझ्या रक्ताच्या आजारावरच्या नव्या औषधाची चाचणी आता आमच्या आडगावच्या केंद्रातही होत आहे. सोमवारी पहिली गोळी मी घेणार.

१. राहते घर पत्नीस. तिने रडू नये असे लिहिणार होतो, रडू दे.

२. मोटारसायकल व नमुन्यांची थंड पेटी पुतणीस. चाचणीचे काम ती माझ्याकडेच शिकली, आता माझी वही तीच लिहील. तिचा बाप, म्हणजे माझा धाकटा भाऊ, भर अंगणात म्हणाला होता, "दादा, माणसांचे उंदीर करायला शिकवतोस पोरीला?" त्याला माझा चष्मा द्यावा. संमतीपत्र एकदा तरी वाचावे.

३. कबुली. गुडघेदुखीच्या चाचणीत दोन जावा होत्या. कोणाची गोळी खरी, कोणाची नुसती साखरेची, हे मलाही ठाऊक नव्हते. त्या रोज गोळ्या मोडून अर्धी-अर्धी वाटून घेत. थोरली म्हणाली, "एका चुलीवर जेवतो आम्ही. गुण आला तर दोघींना येऊ दे!" मी हसलो आणि वहीत लिहिले, "गोळी नियमित." तेव्हापासून देवापुढे हात जोडले की तेच दोन शब्द समोर येतात. सोमवारच्या गोळीचे प्रमाणही कुठल्यातरी वहीवरूनच ठरले असेल. ती वही माझ्यासारख्याने लिहिली असेल तर? या विचाराने जेवण जात नाही. हे कलम माझ्या मरणाची वाट न पाहता पुतणीने आजच मोठ्या डॉक्टरांना वाचून दाखवावे.

४. काल पत्नी म्हणाली, "अहो, अर्धी मला द्या. काय व्हायचं ते दोघांना होईल." मी नाही म्हणालो, पण लगेच नाही. म्हणून पुतणीस सांगणे: गोळी स्वतःच्या हाताने दे, मी गिळेपर्यंत समोर उभी राहा, तोंड उघडून दाखवायला लाव. काका म्हणून भीड धरू नकोस. माझा भरवसा नाही.

साक्षीदार: १. केंद्रातली परिचारिका. २. शेजारचा शिंपी. (सही करताना म्हणाला, "गोळी खायचीय, झेलायची नाही!" हसलो. मग मीही केली. सही वाकडी आली आहे, पण माझीच आहे.)

स्थळ: केंद्राची मागची खोली. शनिवार, तारीख अकरा.